सारिकाची लाल चौकट

या ग्रुपवर येणारे अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर विश्वास ठेवून कधीच नाही. वाचता वाचता चूक शोधायची, ही माझी सवय. दार आपोआप उघडलं? बिजागरी तपासली का? छपरावर कुणी चाललं? पत्रा निवताना वाजतोच. मी सॉफ्टवेअर लिहितो. स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या चुका शोधणं यावरच माझं घर चालतं. त्यामुळे ‘याचं कारण आजवर कळलं नाही’ हे वाक्य मला कायम आळशी वाटत आलं. कारण असतंच. शोधणारा दमतो, एवढंच.

आता मी दमलोय. म्हणून लिहायला बसलो. कुठे बसवत नाही हल्ली, तरी बसलोय.

मी लोणावळ्यात राहतो, तुंगार्लीच्या बाजूला, आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. एका ओळखीतून आंदर मावळातल्या एका छोट्या संस्थेच्या दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं. टाकवे बुद्रुक मागे टाकलं की रस्ता डोंगराकडे वळतो, तिथे दोन खोल्यांचा हा दवाखाना आहे. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. बाकी सगळं वंदना सिस्टर बघतात. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि वाड्या-वस्त्यांवरच्या एकूण एक गरोदर बाईला नावानिशी ओळखणाऱ्या.

तिथे नेट असून नसल्यासारखं. म्हणून दवाखान्यातल्या जुन्या कंप्युटरवर बिननेटचं चालेल असं साधं डेस्कटॉप ॲप्लिकेशन मी जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहून दिलं. उघडलं की समोर एक मोठं टेबल. एका ओळीत एक बाई — नाव, वाडी, कितवा महिना, वजन, बीपी, हिमोग्लोबिन.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. टेबलाच्या चौकटीत आपल्याला दिसतं ते वेगळं आणि तिच्या पोटात साठवलेलं असतं ते वेगळं. साठवलेलं असतं नुसतं नाव किंवा नुसता आकडा. ते कुठल्या रंगात दाखवायचं, हे ठरवतो रेंडरर — म्हणजे कोडचा एक तुकडा. चौकटीवर दोनदा क्लिक केलं की रेंडरर बाजूला होतो आणि एडिटर पुढे येतो, आपल्याला लिहायला जागा देतो. लिहून एंटर दाबलं की एडिटर गेला, रेंडरर परत आला. हे दोन्ही मी सिस्टरांना हवे तसे लिहून दिले होते. बीपीच्या चौकटीत भलताच आकडा टाकला तर एडिटर पुढे जाऊच देत नाही. आणि जिच्या तपासणीत काही धोक्याचं असेल तिच्या नावाची चौकट लाल, बाकीच्या पांढऱ्या. हे सिस्टरांनीच मागितलं होतं. म्हणाल्या होत्या, “चष्मा न लावता कळलं पाहिजे मला, आज आधी कुणाकडे जायचं.”

मे महिन्यात त्यांचा फोन आला.

“सर, एक नाव लाल दाखवतंय. पण तिचं सगळं नॉर्मल आहे.”

मला हसू आलं. ही चूक नवख्यांची, पण आमच्यासारखेही करतात. सगळ्या चौकटी रंगवायला रेंडरर एकच असतो, जसा सगळ्या भिंतींना एकच ब्रश. एक चौकट लाल रंगवल्यावर ब्रश धुवायचा राहिला, म्हणजे रंग परत पांढरा करायचा राहिला, की पुढच्या चौकटीलाही लाल लागतो. मी म्हटलं, “दुर्लक्ष करा सिस्टर, माझी चूक आहे. येऊन दुरुस्त करतो.”

शनिवारी गेलो. टेबलात तीन चौकटी लाल होत्या. दोघींना खरंच त्रास होता — एकीचं बीपी वाढलेलं, एकीच्या अंगात रक्त कमी. तिसरी सारिका. वय बावीस, पहिलटकरीण, आठवा महिना लागायला आलेला. बीपी, वजन, रक्त, सगळं जागच्या जागी.

कोड उघडलं. ब्रश धुतलेला होता. म्हणजे रंग परत पांढरा करणारी ओळ जिथे पाहिजे तिथेच होती.

मग वाटलं, टेबलाचा क्रम बदलल्यावर ओळींची गल्लत होत असेल, रंग तिसऱ्याच कुणाचा असेल. नावाने क्रम लावला, वाडीने लावला, महिन्याने लावला. ओळी वर-खाली झाल्या, आणि लाल रंग सारिकाबरोबर फिरला. तिच्या नावावर दोनदा क्लिक केलं. एडिटर उघडला — स्वच्छ पांढरा, आत नाव. एंटर दाबलं. लाल. परत उघडलं, पांढरा. सोडलं, लाल. तिची ओळच काढून टाकली आणि सगळी माहिती नव्याने भरली. एंटर दाबताक्षणी लाल.

मग रेंडररला बोलायला लावलं. म्हणजे प्रत्येक चौकट कुठल्या रंगाने रंगवतोयस ते खाली लिहून दाखव, असं कोड टाकलं. तो लिहीत होता — सारिका, पांढरा. सारिका, पांढरा. आणि वर, त्याच पडद्यावर, चौकट लाल.

सिस्टर माझ्या मागे उभ्या राहून बघत होत्या. “काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, कंप्युटर जुना आहे,” मी म्हणालो.

फाईल लॅपटॉपवर घेऊन घरी आलो. माझा लॅपटॉप नवा, पडदा वेगळा. तिथेही सारिका लाल. कामात लक्ष लागेना. कंपनीची मीटिंग चालू असायची आणि मी बाजूच्या खिडकीत ते टेबल उघडून बसायचो. बायको म्हणाली, एवढं काय आहे त्यात? तिला काय सांगणार, एक चौकट लाल आहे म्हणून? शेवटी एक सोपा उपाय केला. लाल रंगच काढून टाकला. अख्ख्या कोडमध्ये लाल हा शब्द ठेवला नाही, धोक्यासाठी नारिंगी केला. चालवून बघितलं. त्या दोघी नारिंगी झाल्या.

सारिका लालच राहिली.

मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत गेलो, परत आलो, उघडला, परत बंद केला. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, आपण कुठेच न लिहिलेला रंग... ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल मला काय झालं असेल. बाकीच्यांनी असं समजा, की आपल्याच घरात आपण न बांधलेली एक खोली आहे.

सिस्टरांना फोन करून हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, आमच्या घरात नवस, अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. माझे वडील असल्या गोष्टींवर चिडायचे. मी पण मानत नाही. पण मला तिच्याकडे जायचंय. तुम्ही चला. चूक आहे ना तुमची? मग तिच्या तोंडावर तसं सांगा, म्हणजे मी पण गप्प बसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून निघालो. वाडीचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच आहेत. डांबर संपतं तिथे गाडी लावली आणि करवंदीच्या जाळ्यांमधून चढायला लागलो. सिस्टर छत्री उघडून पुढे, सारिकाची एक बहीण टाकव्यात दिलीय वगैरे सांगत. ऊन चांगलंच होतं. मी मनात वाक्य घोळवत होतो — यंत्राची चूक आहे, काळजीचं काही नाही.

सारिकाचं घर वाडीच्या टोकाला. पुढे पडवी, मधे चूल, आणि मागे नव्याने काढलेली एक खोली. त्या खोलीच्या डोक्यावर रायवळ आंब्याचं भलंमोठं झाड. नवरा दत्ता तळेगावला कंपनीत, सुट्टीला घरी येणारा. घरात सारिका आणि तिची सासू, हौसाबाई. सारिका त्यांना आत्या म्हणायची.

“या, बसा,” हौसाबाई म्हणाल्या. “आंबं पिकाया आलं न्हाईत आजून, न्हाईतर दिलं असतं. ह्ये कोण?”

“कंप्युटरवाले सर. सारिकाला भेटायला आलेत,” सिस्टर म्हणाल्या.

“का? काय झालंय तिला?”

“काही झालेलं नाही मावशी,” मी म्हणालो.

सारिका पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, हसऱ्या चेहऱ्याची. “मला काय बी तरास न्हाई सिस्टर. सकाळीच दोन हंडं आणलं म्या.” सिस्टरांनी तिला हंड्यांवरून रागावलं, खाली बसवलं, बीपी घेतलं. नॉर्मल. पाय बघितले, सूज नाही. बाळाचे ठोके ऐकले, छान. मग मागच्या खोलीत नजर टाकली. दत्ताने बायकोसाठी नवी लोखंडी खाट आणून टाकली होती. सारिका म्हणाली, खाली बसून उठवत नाही आता, म्हणून दिवसा-रात्री तिथेच पडते.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. आता माझं वाक्य.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “टाकव्यात तुझी बहीण आहे ना? बाळंतपण होईपर्यंत तिच्याकडे जाऊन राहा.”

हे मी का म्हणालो, मला आजही सांगता येत नाही. कुणी कानात बोललं नाही, अंगावर काटा आला नाही. एवढंच आठवतं, की त्या घरात शिरल्यापासून मला बूट घालून निघावंसं वाटत होतं.

“आजून लय दीस हायती की,” हौसाबाई म्हणाल्या.

“हो, आहेत.”

“मग?”

सिस्टरांनी सावरून घेतलं. “पाऊस लागला की ही वाट धड राहत नाही मावशी. आधीच खाली गेलेली बरी.”

सारिका म्हणाली, “आत्या, मी गेल्याव पानी कोण आणंल? तुमचं गुडघं...”

“मी काय म्हातारी झाली व्हय? न्या वो तुमी तिला. मला म्हशी सोडून कुटं यायाला जमायचं न्हाई, पर पोरीचं नीट व्हऊ द्या. दत्ताला मी सांगती.” आणि त्यांनी स्वतःच उठून सारिकाचे कपडे पिशवीत भरायला घेतले. एक गोधडी घडी करून वर ठेवली. सारिका नको म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. गाडीपर्यंत सोडायला आल्या. उतरताना त्यांचा गुडघा दुखत होता, ते दिसत होतं. मला म्हणाल्या, “सायेब, गाडी हळू चालवा. वळनं लय हायती.”

सारिकाला टाकव्यात बहिणीकडे सोडलं. सिस्टर दवाखान्यात उतरल्या. मी घरी येऊन आधी लॅपटॉप उघडला. लाल.

पुढच्या दिवसांत मी ते टेबल सारखं उघडून बघत होतो. जेवता जेवता, दात घासताना. सारिका टाकव्यात खुशाल होती, बहिणीच्या मुलांना घेऊन ओसरीवर बसायची, सिस्टर येता-जाता बघून यायच्या. चौकट लालच. मला वाटायला लागलं, आपण एका बऱ्या-भल्या बाईला उगाच घरातून उठवलं. दत्ताचाही फोन आला होता. चिडला नव्हता, पण विचारत होता, “सर, नक्की काय निघालंय तिच्या तपासणीत? माझ्यापासून लपवू नका.” मी त्याला तीनदा सांगितलं, काही निघालेलं नाही. त्याला ते पटलं नाही. मला तरी कुठे पटत होतं?

मग एका दुपारी मी कंपनीचं काम करत होतो, टेबल बाजूला उघडं होतं. बाहेर ढग भरून आलेले, वळवाचं वारं सुटलेलं. खिडकी लावायला उठलो आणि परत येऊन बसलो, तर सारिकाची चौकट पांढरी.

मी काहीही बदललेलं नव्हतं. कीबोर्डला हातही लावला नव्हता. टेबलाचा क्रम लावून बघितला, दोनदा क्लिक करून एडिटर उघडला, एंटर दाबलं. पांढरी. पाठीवरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं झालं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सुटला एकदाचा घोळ, असं वाटलं. सिस्टरांना कळवावं म्हणून फोन लावला, लागेना. खाली जाऊन चहा प्यायलो. पाऊस थांबेपर्यंत टपरीवरच उभा होतो, चहावाल्याशी कारण नसताना गप्पा मारत. कितीतरी दिवसांनी मी एका जागी शांत उभा होतो.

अंधार पडायच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला.

“सर, दुपारच्या वाऱ्यात सारिकाच्या घरावर आंब्याचं झाड पडलं.”

माझ्या डोळ्यांसमोर ती खोली आली, खाट आली. मी म्हणालो, “बरं झालं सिस्टर, ती तिथे...”

“हौसाबाई गेल्या,” त्या म्हणाल्या.

एरवी त्या दुपारच्या पडवीतच आडव्या व्हायच्या, जमिनीवर, एक पोतं अंथरून. पडवीचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं. पण सारिका गेल्यापासून पाणी त्याच भरत होत्या आणि गुडघा जास्तच धरला होता. खाली बसलं की उठता येईना. शेजारणीला म्हणाल्या होत्या, पोरीची खाट मोकळीच हाय, तितंच पडती आता. झाड आतून पोकळ झालेलं होतं. ते बाहेरून कुणाला दिसलं नव्हतं.

मी वाडीवर गेलो. दत्ता भेटला. त्याने माझा हात हातात धरला आणि म्हणाला, “सर, तुमच्यामुळं माझी बायको वाचली.” मी हात सोडवून घेतला. अजून सारखं वाटतं, तसं करायला नको होतं.

त्यानंतर मी सगळं तपासलं. कंपनीतला एक मित्र या विषयात माझ्यापेक्षा मुरलेला आहे, त्याला कोड दिलं. त्याने ओळ न् ओळ बघितली आणि म्हणाला, कोड स्वच्छ आहे, तू दमला होतास, भास झाला असेल. मी म्हटलं, सिस्टरांनीही बघितलंय, माझ्या आधी बघितलंय. त्यावर त्याने विषय बदलला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. झाड पोकळ होतं, वारं आलं, पडलं — याला कारण आहे. जावाच्या टेबलातल्या एका चौकटीला ते आधी कसं कळलं, याला नाही. आणि कळलंच होतं, तर अर्धंच का?

कारण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सारिका तिथे असती तर ती आणि पोटातलं बाळ, दोघं गेली असती. आणि आम्ही तिला हलवलं नसतं तर हौसाबाई पडवीत असत्या. मी एकदा हे सिस्टरांना बोलून दाखवलं. त्या औषधांच्या बाटल्या पुसत होत्या. हात थांबवला नाही. म्हणाल्या, “हे मांडत बसू नका सर. मी मांडून बघितलंय. सुटत नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “तो नारिंगी रंग काढा. मला लालच ठेवा.”

मी परत लाल केला.

सारिकाला मुलगी झाली. वेळेवर, काही त्रास न होता. दत्ताने सारिकाच्या बहिणीच्या घराशेजारी खोली घेतली आहे, म्हशी विकल्या. महिन्याभरापूर्वी दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा सिस्टरांबरोबर बाळ बघायला गेलो. सारिकाने मला चहा केला, मुलीला माझ्या मांडीवर दिलं. तिला सगळं ठाऊक होतं, सिस्टरांनी सांगितलं होतं. ती समोर येऊन बसली. मग म्हणाली,

“दादा, त्यात आत्याचं नाव व्हतं का?”

“नव्हतं. त्यात फक्त गरोदर बायकांची नावं असतात.”

तिने मान हलवली. बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“मग आत्याचं कोण सांगणार व्हतं,” ती म्हणाली. विचारत नव्हती, नुसतं म्हणाली.

मी चहा संपवून निघालो. माझ्याकडे या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही, आणि इथे कुणी दिलं तर मला ते हवं आहे, कितीही साधं असू दे. दर आठवड्याला सिस्टर दवाखान्याची फाईल पाठवतात. मी उघडतो, वरपासून खालपर्यंत बघतो. जिथे लाल असायला पाहिजे तिथेच लाल असतं. बंद करतो. पाणी पिऊन येतो, आणि परत उघडतो.